लाहौलच्या दारुहळदीवरचा तांबेरा : कोल्हापुरात आलेल्या एका नमुन्याचं प्रकरण

दारुहळदीच्या पानाखाली नारिंगी पेले दिसले की वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी डोळे झाकून गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचं नाव घेतो. त्याला दोष देता येत नाही. या तांबेऱ्याचं, म्हणजे पक्सिनिया ग्रॅमिनिस या बुरशीचं, जीवनचक्र आपल्याकडे पदवीपासून पाठ करून घेतलं जातं: गव्हावर तांबूस फोड, मग काळे फोड, मग दारुहळदीच्या, म्हणजे बर्बेरिसच्या झुडपावर पेले. आकृती नीट काढली की गुण हमखास मिळतात. त्यामुळे झुडूप ओळखलं की बुरशीही ओळखली, असं मनात पक्कं बसतं.

या प्रकरणातल्या नमुन्यावरही पहिली चिठ्ठी तीच लागली होती: 'पक्सिनिया ग्रॅमिनिस, बर्बेरिसवर, लाहौल.' ती चिठ्ठी का काढली आणि तिच्या जागी काय लिहिलं, ते इथे सविस्तर मांडतो. हिमालयातल्या उंचावरच्या बुरशांचे नमुने आता पर्यटकांच्या बॅगांतून आपल्या गावांपर्यंत येऊ लागले आहेत. असा नमुना हातात आल्यावर काय करायचं, याचा एक पूर्ण दाखला मराठीत असावा असं मला मनापासून वाटतं.

नमुना

हातकणंगले तालुक्यातली एक मुलगी कोल्हापुरात एम.एस्सी. करते, विषय वनस्पती रोगशास्त्र. परीक्षा आटोपल्यावर जूनअखेरीस घरच्यांबरोबर मनालीला गेली. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूपर्यंत जाऊन येतोच. तिथे चंद्रा नदीच्या काठी, साधारण ३,१०० मीटर उंचीवर, रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपं होती. पानांवर डाग दिसले म्हणून ती थांबली. तिचे वडील ऊस आणि सोयाबीन करतात. त्यांनी पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो तर तांबेराच की गं. पर आपल्या सोयाबीनवर नुसती भुकटी असती. ह्यो पेल्यावानी कसा उठलाय?"

प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमका होता. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात सोयाबीनवर येणारा फाकोप्सोरा हा तांबेरा एकाच प्रकारच्या बीजाणूंवर हंगाम काढतो. त्याची पेल्यांची अवस्था कुणाला दिसलेली नाही. गवतावरच्या बऱ्याच तांबेऱ्यांचं मात्र तसं नसतं. त्यांच्या आयुष्यात पाच अवस्था असू शकतात आणि त्यांतल्या काही एका झाडावर, तर उरलेल्या पूर्णपणे वेगळ्या कुळातल्या झाडावर होतात. पेले दिसले की या बुरशीचा दुसरा संसार आसपास कुठेतरी दुसऱ्या झाडावर असण्याची शक्यता असते. वडिलांच्या त्या प्रश्नाचा माग काढला असता तर पहिली चिठ्ठी लागलीच नसती.

मुलीने दोन डहाळ्या खुडल्या आणि खाऊच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घातल्या. मोबाइलवर फोटो काढले. हे फोटोच पुढे सगळ्यात मोलाचे ठरले, कारण त्यांत जागा, वेळ आणि उंची आपोआप नोंदली गेली होती आणि एका फोटोत झुडपाच्या बुंध्याशी वाढलेलं गवतही आलं होतं. पिशवी मात्र रेल्वेत घामेजली. कोल्हापुरात पोचली तेव्हा भर पाऊस, हवेत ओल, आणि पानांच्या कडेला हिरवट-काळपट लव धरू लागलेली. पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून बल्बच्या उबेवर वाळवली, मग कीड मरावी म्हणून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली. जुलैत कोल्हापूरच्या हवेत पान आपोआप वाळायची वाट पाहिली असती तर हाती फक्त इथली बुरशी उरली असती.

पान जवळून

भिंगाखाली जे दिसलं ते सावकाश सांगतो, कारण निम्मा निकाल त्यातच आहे.

पानाच्या वरच्या अंगाला मुगाच्या दाण्याएवढे गोल डाग होते, कडेला तांबूस, मध्ये पिवळे. मधोमध बारीक मधाळ ठिपके, काही वाळून काळे पडलेले. ही पहिली अवस्था. तिचं काम काय, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. क्रेगी यांनी १९२७ मध्ये दाखवलं की या ठिपक्यांतून पाझरणाऱ्या गोड थेंबामार्फत दोन भिन्न लिंगप्रकारांचा मेळ होतो आणि किडे तो थेंब इकडचा तिकडे करतात. डागाच्या बरोबर खाली, पानाच्या मागच्या अंगाला, पान फुगून गादी झाली होती आणि त्या गादीत पेल्यांचा घोळका होता. प्रत्येक पेल्याची कड पांढरी, फाटून बाहेर वळलेली. आतली भुकटी फोटोत झगझगीत नारिंगी होती, वाळलेल्या पानात ती फिकट पडली. तांबेऱ्याचा हा रंग साठवणीत टिकत नाही, म्हणून ताज्या पानाचा रंग जागेवरच लिहून ठेवावा लागतो.

गाजराच्या फाकेत पान धरून ब्लेडने पातळ छेद घेतले, लॅक्टोफिनॉलमध्ये, म्हणजे छेद पारदर्शक करणाऱ्या द्रावणात, किंचित गरम केले. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या साखळ्या दिसल्या, एकमेकांना दाबून कोन पडलेल्या, भिंतीवर बारीक पुरळ. छेद सुंदर आला होता. पण सौंदर्याने प्रजाती ठरत नाही. बर्बेरिसवर पेले करणाऱ्या निरनिराळ्या तांबेऱ्यांच्या या बीजाणूंची मापं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसत्या पेल्यांवरून नाव सांगणं धोक्याचं आहे.

एक शक्यता मात्र इथेच गळाली. युरोपातला पक्सिनिया अऱ्हेनाथेरी बर्बेरिसच्या अख्ख्या फांदीत शिरतो, डहाळ्यांचा झुपका होतो आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पानाखाली पेले असतात. आमच्या पानांवर सुटे डाग होते. फोटोतली झुडपंही नीट वाढलेली होती.

झुडपाचीही ओळख पुरी झाली नाही. पश्चिम हिमालयात बर्बेरिसच्या बऱ्याच प्रजाती आहेत आणि त्या फुलोरा व फळांवरून ठरतात. आमच्या डहाळ्यांवर दोन्ही नव्हतं. हिमाचलात कश्मल म्हणतात ते हेच झुडूप, आणि आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळद म्हणून मिळतं ते त्याच्या भाईबंदांचं पिवळं लाकूड. एवढ्यावर प्रजातीचं नाव लावणं बरोबर झालं नसतं.

पहिल्या चिठ्ठीत काय अडचण होती

काळा तांबेरा आणि बर्बेरिस यांचं नातं द बारी यांनी १८६५ मध्ये प्रयोगाने सिद्ध केलं. अमेरिकेने १९१८ पासून त्यासाठी झुडपं उपटण्याची मोठी मोहीम चालवली. भारतात मात्र गोष्ट वेगळी आहे. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी आयुष्यभर गव्हाच्या तांबेऱ्यांचा माग काढला आणि ते या निष्कर्षाला आले की आपल्याकडे दरवर्षी येणाऱ्या रोगात बर्बेरिसचा वाटा नाही. मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. ते डोंगरावर, बिगरहंगामी गव्हावर तग धरतात आणि रब्बीत वाऱ्याबरोबर खाली उतरतात. काळ्या तांबेऱ्याचा मुख्य साठा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. कर्नाटक-महाराष्ट्राच्या गव्हावर तो तिकडून येतो, लाहौलकडून नाही.

मग हिमालयातल्या झुडपांवर सर्रास दिसणारे पेले कोणाचे? हा प्रश्न शिमल्याच्या परिसरात काम करणाऱ्यांना फार पूर्वीच पडला होता. प्रसाद यांनी १९४७ मध्ये शिमल्याच्या डोंगरातल्या या पेल्यांची गवतावरची जोडअवस्था शोधल्याचं प्रसिद्ध केलं. जोशी आणि पायक यांनी १९६३ मध्ये खुद्द लाहौल खोऱ्यातल्या बर्बेरिसवरच्या पेल्यांवर लेख लिहिला. पायक यांनी १९६५ मध्ये शिमल्याच्या बर्बेरिसवरचे पेले पक्सिनिया ब्रॅकिपोडी या गवतावरच्या तांबेऱ्याशी जोडले. त्यात आणखी एक भर पडली: २०१० मध्ये अमेरिकेत जिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याचीही, म्हणजे पक्सिनिया स्ट्रायफॉर्मिसची, पेल्यांची अवस्था बर्बेरिसवर होते. शंभरेक वर्षं ती जागा रिकामी होती.

म्हणजे आमच्या पानावरच्या पेल्यांना निदान तीन दावेदार होते, आणि पाठ्यपुस्तकातला दावेदार त्यांत सगळ्यात दुबळा. ही चिठ्ठी तशीच राहिली असती आणि उद्या एखाद्या यादीत किंवा विदासाठ्यात (डेटाबेसमध्ये) गेली असती, तर वाचणाऱ्याने त्यातून एकच अर्थ काढला असता: लाहौलमध्ये काळा तांबेरा बर्बेरिसवर लैंगिक चक्र पुरं करतो, तिथून नवे प्रकार जन्मतात. गव्हाच्या वाणांची रोगप्रतिकारशक्ती ठरवणाऱ्यांसाठी ही फार गंभीर बातमी आहे. एका खुडलेल्या डहाळीवर ती पसरवायचा अधिकार कुणालाच नाही.

मला असंही वाटतं की हिमालयातल्या बुरशांवर हा अन्याय वारंवार होतो. युरोपातल्या पुस्तकात जे नाव सापडलं ते इथल्या नमुन्याला चिकटतं, आणि एकदा नाव चिकटलं की पुन्हा तिकडे कुणी पाहत नाही. अनोळखी बुरशी अनोळखी राहते ती अशी.

डीएनए तपासणी

आजच्या काळात पहिली सूचना हीच येते: "सर, सिक्वेन्सिंगला पाठवूया ना." पाठवलं. बुरशांसाठी आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा २०१२ पासून ओळखपट्टी म्हणून मान्य आहे. पानाचा तुकडा जसाच्या तसा दिला होता. उत्तर आलं क्लॅडोस्पोरियम. ती पिशवीत घाम धरल्यावर आलेली काळपट लव. तपासणी बिनचूक होती, तिने समोर जे जास्त होतं तेच वाचलं.

दुसऱ्या वेळी मुलीने भिंगाखाली बसून एकेक पेला सुईने उचलला, लव लागलेले पेले बाजूला काढले, आणि फक्त तांबेऱ्यांनाच लागू पडणारा प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडणारा छोटा तुकडा) वापरून डीएनएचा २८एस हा भाग वाचायला दिला. या वेळी पक्सिनिया आला, गवतांवरच्या तांबेऱ्यांच्या गोतावळ्यात बसणारा. त्यापुढे प्रजात सुटली नाही. २८एस या भागात जवळच्या प्रजातींत फरक थोडा, आणि हिमालयातल्या तांबेऱ्यांचे तपासलेले नमुने विदासाठ्यात मोजकेच. शिवाय साठ्यातल्या नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. निल्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सार्वजनिक विदासाठ्यातल्या बुरशांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे २० टक्के नोंदींची प्रजाती चुकीची असू शकते असं आढळलं. ज्या नमुन्याशी आपण ताडतो, त्याची चिठ्ठीही आमच्या पहिल्या चिठ्ठीसारखीच लागली नसेल कशावरून?

बुंध्याशी वाढलेलं गवत

इथे तो फोटो पुन्हा उघडला. झुडपाखालच्या गवताच्या पात्यांवर, मोठं करून पाहिल्यावर, पिवळट रेघा असाव्यात असं वाटत होतं. जोडअवस्था शोधायची तर तिथेच.

कोल्हापूरचा एक ट्रेक घेऊन जाणारा मुलगा सप्टेंबरात हम्पता खिंडीला निघाला होता. ती वाट कुलूकडून चढून लाहौलमध्येच उतरते. त्याने परतताना सिस्सूला थांबायचं कबूल केलं. जागा अभयारण्यात नव्हती, तरी संशोधनासाठी नमुने घ्यायचे म्हणून आधी तिथल्या वनखात्याला पत्र दिलं आणि होकार आल्यावरच त्याला सांगितलं. त्याच्याबरोबर कागदी पाकिटं दिली, प्लास्टिक अजिबात नाही, आणि सूचना एवढ्याच: त्याच झुडपाखालचं गवत मुळासकट घ्यायचं, लोंबी असेल तर ती आधी, आणि जे पातं रोगट दिसेल त्याच्या शेजारचं निरोगी पातंही.

गवत आलं. लोंबी नव्हती, मेंढ्यांनी आधीच फडशा पाडला होता, त्यामुळे गवताची प्रजाती ठरली नाही. पात्यांवर मात्र तांबेरा स्पष्ट होता. तांबूस फोडांचा छेद घेतला तर बीजाणूंच्या अधेमधे गोल डोक्याचे वांझ केस उभे होते. काळ्या अवस्थेचे फोड बारीक होते आणि पानाच्या सालीखालीच झाकलेले. पक्सिनिया ग्रॅमिनिसमध्ये असे केस नसतात, आणि त्याचे काळे फोड साल फाडून उघडे पडतात. त्यामुळे निदान गवतावरचा हा तांबेरा तरी गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचा नाही. डोकेदार केस आणि झाकलेले काळे फोड ही जोडी पक्सिनिया ब्रॅकिपोडीच्या गटाशी जुळते. पायक यांनी शिमल्याकडून नोंदवलेला गट हाच.

मुलगी हरखली. "म्हणजे सर, जोडी सापडली!"

नाही. शेजार म्हणजे सोयरीक नव्हे. झुडपावरचे पेले आणि बुंध्यातल्या गवतावरचे फोड एकाच बुरशीचे आहेत, हे एकाच प्रयोगाने ठरतं: पेल्यांतले ताजे बीजाणू निरोगी गवताच्या रोपांवर सोडायचे आणि तेच फोड उठतात का पाहायचं. किंवा हिवाळा काढलेले काळे बीजाणू घेऊन झुडपावर पेले उठवायचे. वाळलेल्या पेल्यांतले बीजाणू त्याला उपयोगी नाहीत. आणि जिवंत बीजाणू कोल्हापुरात आणून हा प्रयोग करायला मी स्वतः विरोध केला. तीन दावेदारांपैकी दोन गव्हावर जगणारे आहेत. जोवर त्यांपैकी कोणीच नाही अशी खात्री नाही, तोवर हिमालयातला जिवंत तांबेरा शिरोळ-कागलच्या रब्बीच्या तोंडाशी आणून ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे.

काय लिहिलं, काय लिहिलं नाही

मधल्या काळात काही जणांनी सुचवलं की नवी प्रजात म्हणून जाहीर करावी, 'लाहौल'वरून छान नाव होईल. त्या मोहात न पडण्याची कारणं ठोस होती. तांबेऱ्यांच्या सुमारे ८ हजार प्रजाती माहीत आहेत. एसिडियम या नावाखाली, केवळ पेले पाहून ठेवलेली नावं जुन्या संग्रहांत खच्चून भरली आहेत, कित्येकांची जोडअवस्था आजवर सापडलेली नाही. २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने एका बुरशीला एकच नाव असा नियम केल्यापासून ती सगळी नावं जुळवत बसण्याचं काम चालू आहे. त्या ढिगात आणखी एक अर्धं नाव टाकून कुणाचंही भलं होत नाही. २०१३ पासून नवं नाव मान्य व्हायला मान्यताप्राप्त नोंदवहीत क्रमांक घ्यावा लागतो, आणि जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. हे सगळं जमण्यासारखं होतं. पण क्रमांक मिळाला म्हणून पुरावा वाढत नाही.

म्हणून दोन स्वतंत्र पाकिटं केली. पहिल्यावर लिहिलं: पक्सिनिया, प्रजात अनिश्चित, पेल्यांची अवस्था, बर्बेरिसच्या प्रजात न ठरलेल्या झुडपावर, जागा, उंची, तारीख, ताज्या पेल्यांचा रंग नारिंगी, फोटोवरून, २८एस वाचन उपलब्ध, पान वाळण्याआधी क्लॅडोस्पोरियमची लागण. दुसऱ्यावर: पक्सिनिया ब्रॅकिपोडी गट, गवतावर, पहिल्या पाकिटातल्या झुडपाखाली, जोडणी सिद्ध नाही. शेवटचे तीन शब्द मुलीला नको होते. मी आग्रह धरला. पन्नास वर्षांनी हे पाकीट उघडणाऱ्याला आम्ही काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे दोन्ही कळलं पाहिजे. पहिली चिठ्ठी फेकली नाही, खोडून त्याच पाकिटात ठेवली.

दोन्हींचा एकेक भाग इथे ठेवला आणि दुसरा पुण्याला, आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवकसंग्रहात देण्यासाठी वेगळा काढला. कोल्हापूरच्या ओलीत वाळवलेले नमुने किती वर्षं टिकतील याचा भरवसा धरू नये.

आता उरलं आहे ते लागणीचं काम, आणि ते हिमाचलातच, जिथे झुडूपही आहे, गवतही आहे आणि थंडी दाराशी आहे. मुलीने तिथे प्रकल्प करण्यासाठी अर्ज केला आहे. तिचे वडील सुरुवातीला म्हणाले होते, "एवढ्या लांब कशाला, ऊस-सोयाबीनवरचा तांबेरा काय कमी पडलाय व्हय?" आता तेच विचारतात की गवताचं बी तिकडं मिळतंय का. जूनअखेरीस पेले उघडतील तेव्हा कुंड्यांत रोपं दोन पानांवर हवीत. म्हणून लोंबीवरून आधी गवताची ओळख पटवून त्याचं बी ऑगस्टातच, मेंढ्या पोचायच्या आत, गोळा करायला तिला सांगितलं आहे.